दक्षिणद्वार

नरसोबाच्या वाडीत पुराला आत यायला एक दार आहे आणि बाहेर पडायला दुसरं.

शिरोळ तालुक्यात, पंचगंगा कृष्णेला मिळते तिथलं हे दत्ताचं ठाणं. देऊळ घाटावरच, नदीच्या हाताशी. आषाढ-श्रावणात कृष्णा एकेक पायरी चढत येते, उत्तरेच्या दारातून देवळात शिरते, मनोहर पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. त्या दारातून निघालेल्या पाण्यात अंघोळ करायला कोल्हापूर-सांगलीकडची माणसं रात्री-अपरात्री धाव घेतात. हा दक्षिणद्वार सोहळा. पाणी वाढताना झाला तर चढता दक्षिणद्वार, ओसरताना झाला तर उतरता. त्याहून पाणी वाढलं की उत्सवमूर्ती उचलून नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजाअर्चा तिथे चालू राहते. देव उठतो, वर जाऊन बसतो, पाणी गेलं की परत येतो. यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

माझं आजोळ याच तालुक्यातलं, त्यामुळे लहानपणी या सोहळ्याचं अप्रूप वाटलं नाही. पूर यायचाच. शाळेला सुट्टी मिळायची, मामा होडी ओढून आणायचा, आजी चुलीची लाकडं माळ्यावर चढवायची. २०१९ चा ऑगस्ट पाहिल्यावर मात्र हे देऊळ मला वेगळं दिसायला लागलं. ज्यांनी ते बांधलं आणि ज्यांनी त्याची रीत घालून दिली, त्यांनी दोन गोष्टी पक्क्या धरल्या होत्या. पाणी येणार, तेव्हा त्याच्या जाण्याची वाट मोकळी ठेवायची. आणि वाट पुरली नाही तर वेळेवर उठायचं. कृष्णा-पंचगंगेच्या काठी गेल्या वीस वर्षांत जे घडलं, ते या दोन्ही गोष्टी विसरल्यामुळे घडलं असं मला वाटतं.

पाणी कुठंवर आलंय?

जुलै लागला की कोल्हापुरात माणसं एकमेकांना ख्यालीखुशाली विचारत नाहीत. ‘पाणी कुठंवर आलंय?’ एवढंच विचारतात. या प्रश्नाची उत्तरं दोन भाषांत मिळतात. एक भाषा फुटाइंचांची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका. सांगलीत १९२९ सालच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचे हेच आकडे ४० आणि ४५. दुसरी भाषा गल्लीची. सुतारवाड्यात शिरलं. जामदार क्लबला लागलं. व्हीनस कॉर्नरला आलं. सुतारवाड्यातली कुटुंबं बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी हलतात, चित्रदुर्ग मठात जाऊन राहतात. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी यायची चिन्हं दिसली की अर्धवट रंगवलेले गणपती उचलायची घाई उडते, कारण पुराचे दिवस आणि मूर्तिकामाचे दिवस एकच.

दोन्ही भाषा येणारा माणूस शहाणा. ४३ फूट म्हणजे आपल्या उंबऱ्यापासून किती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला दवंडीची गरज नाही. अडचण अशी, की नव्या वसाहतींतल्या माणसाला फूट कळतात, गल्ली कळत नाही. दहा वर्षांपूर्वी फ्लॅट घेतलेल्याला राजाराम बंधारा कुठे आहे हेही माहीत नसतं.

तिसरा निरोप वरून येतो. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. ठरावीक पातळीला पाणी पोचलं की ते आपसूक उघडतात, कुणी कळ दाबावी लागत नाही. एका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक, सातही उघडले तर दहा हजारांच्या आसपास. ‘राधानगरीचे किती उघडले?’ हा कोल्हापूरचा दुसरा प्रश्न. पण पंचगंगा एकट्या राधानगरीवर फुगत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीशी एकत्र येतात. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा भागात धरणांच्या खाली जो पाऊस कोसळतो त्याला दरवाजा नसतो. तो थेट नदीत येतो.

या पुराचा एक गुण आहे. तो सावकाश चढतो. २०२१ च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठी काही तासांत बाजारपेठेत घुसली, माणसांना जिना गाठायला वेळ मिळाला नाही. कृष्णा-पंचगंगेचं तसं नाही. ती तासाला काही इंच वाढते, दिवस दिवस वाढते. म्हणजे सावध व्हायला वेळ भरपूर. असा पूर येतो तिथे माणूस दगावण्याचं कारण नाही. तरी माणसं दगावली.

अजून एक फूट

२००५ च्या जुलैत, मुंबई बुडाली त्याच सुमाराला, आयर्विन पुलाशी कृष्णा ५३ फुटांवर गेली होती. सांगलीकरांच्या मनात ती रेघ कायमची उमटली. दुकानदारांनी माल त्या रेघेच्या वर ठेवायला सुरुवात केली, घर घेणाऱ्यांनी ‘पाचला पाणी आलं होतं का?’ एवढाच प्रश्न विचारून व्यवहार केले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाचला ज्यांच्या पायरीला पाणी लागून परत फिरलं होतं, ते याही वेळी पायरीकडे बघत बसले. मागच्या पुराची खूण आपण मोठ्या विश्वासाने जपतो, आणि पुढचा पूर ती खूण वाचून येत नाही.

सावकाश चढणारं पाणी माणसाला भुलवतं. अजून एक फूट वाढलं तर निघू. संध्याकाळी तो फूट भरतो, तेव्हा अंधार पडलेला असतो, वीज गेलेली असते आणि ज्या वाटेने निघायचं ती वाट घराच्या आधी बुडालेली असते. गावाकडे याला जनावरांची जोड. दोन म्हशी, एक गाभण गाय दावणीला सोडून शाळेच्या वर्गात जाऊन झोपणं कुठल्या शेतकऱ्याला जमेल? त्याच्या दृष्टीने तो भित्रेपणा नाही की अडाणीपणा. घरातली रोजची पैशाची आवक त्या दावणीला बांधलेली असते.

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं अखेर निघाली, तेव्हा एका होडीत फार जण चढले. होडी उलटली आणि सतरा जीव गेले. ते पाणी काही दिवस आधीपासून वाढत होतं. पुढे दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच दिवसांत इकडे पंचगंगा ५६ फुटांवर गेली, २०१९ पेक्षाही वर. त्या वेळी बऱ्याच गावांनी जनावरं आधी काढली, मग माणसं निघाली. हा क्रम कुठल्या नियमपुस्तकात लिहिलेला नव्हता. २०१९ ने तो शिकवला होता.

दार कुणी बुजवलं?

मराठी मुलखात गावाची जमीन दोन नावांनी ओळखली जाई, काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरी राहायची. नदीकाठच्या कित्येक गावांत पांढरी म्हणजे उंचवटा. खाली मळीची रानं. पूर मळीत पसरायचा, गाळ टाकून जायचा, रान कसदार व्हायचं. सगळीच गावठाणं सुरक्षित होती असं नाही. मोठ्या पुरात पांढरीवरही पाणी जाई. पण नदीला हातपाय पसरायला काळी मोकळी होती.

गेल्या चाळीस वर्षांत शहरांनी प्लॉट पाडले ते या काळीतच. सांगलीत नदीच्या वळणातल्या सखल भागात, कोल्हापुरात जयंती नाल्याच्या कडेने. जयंती नाला एरवी सांडपाणी नदीत नेतो. नदी फुगली की तोच उलटा वाहतो आणि पूर शहराच्या मधोमध आणून सोडतो. नाल्याच्या काठी भराव टाकून मजले चढवणारा माणूस शेजाऱ्याच्या घरात पाणी ढकलत असतो, हे त्याला आणि परवानगी देणाऱ्याला दोघांनाही कळत नाही असं मानणं अवघड आहे.

नियम नव्हता असंही नाही. निळी आणि लाल पूररेषा आपल्याकडे काही दशकांपासून आहेत. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणारा पोचतो ती लाल. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, निळी आणि लालच्या मध्ये नियंत्रित. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मात्र मोठा घोळ घातला. लोकांना वाटलं, येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत. त्याचा खरा अर्थ दरवर्षी शंभरात एक अशी शक्यता, आणि तीही जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढलेली. २००५, २०१९, २०२१. सोळा वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या माणसाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

घरांइतकाच अडथळा रस्त्यांचा. पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीपाशी पंचगंगेचं खोरं ओलांडतो. पूल नदीच्या पात्रापुरता, बाकी लांबच्या लांब मातीचा भराव. नदी पात्रात मावत नाही तेव्हा ती याच खोऱ्यातून वाहते, आणि भराव तिला आडवा येतो. २०१९ मध्ये हा महामार्ग काही दिवस बंद राहिला, शेकडो ट्रक दोन्ही बाजूंना अडकले, कोल्हापुरात दूध-भाजी-इंधनाची टंचाई झाली. भराव काढून खांबांवरचा पूल करा, ही मागणी तेव्हापासून सुरू आहे. ती ऐकताना मला वाडीचं देऊळ आठवतं. उत्तरेचं दार ठेवलं आणि दक्षिणेचं चिणून टाकलं तर पहिल्या पुरातच त्या देवळाचं तळं होईल.

अलमट्टीचं माप

कृष्णाकाठी पुराचा विषय निघाला की तिसऱ्या वाक्याला अलमट्टी येते. कर्नाटकातल्या या धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर. ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायला लवादाने २०१० मध्ये मुभा दिली आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. धरणाचा फुगवटा मागे सरकून सांगली बुडवतो, अशी लोकांची ठाम समजूत. २०१९ च्या पुराच्या अभ्यासासाठी शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. त्यात अलमट्टीला दोष दिलेला नाही. अतिवृष्टी आणि नदीच्या वाटेतली अतिक्रमणं ही कारणं पुढे आली. लोकांना तो अहवाल पटला नाही आणि उंचीचा वाद संपलेला नाही. पण दूरच्या राज्यातलं धरण दोषी ठरलं की आपल्या गल्लीतला भराव निर्दोष सुटतो, हेही तितकंच खरं.

धरणांकडून आपण काय मागतो आहोत, हे एकदा मोजून पाहावं. एक लाख क्युसेक पाणी दिवसरात्र वाहिलं तर चोवीस तासांत ८.६४ टीएमसी होतं. राधानगरीची सगळी साठवण ८.३६ टीएमसी. म्हणजे मोठ्या पुराचा एक दिवस अख्ख्या राधानगरीएवढा. कोयना मोठी, १०५ टीएमसी. तिच्यात पाव भाग जागा मोकळी ठेवायची म्हटलं तर ती सव्वीस टीएमसी होते, एक लाख क्युसेकच्या पुराचे तीन दिवस. ही जागा लाखमोलाची आहे. पण जुलैअखेर धरण रिकामं ठेवलं आणि ऑगस्ट कोरडा गेला तर उन्हाळ्यात वीज आणि पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न त्याच शेतकऱ्यासमोर उभा राहतो जो पुरात बुडतो. धरण भरायचं की मोकळं ठेवायचं, हा प्रत्येक पावसाळ्यात खेळावा लागणारा डाव आहे. तो घाटातल्या पावसाच्या चांगल्या अंदाजावर आणि दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांच्या रोजच्या बोलण्यावर जिंकता येतो. पुराची धार त्याने बोथट होईल. धरणांच्या खालचा पाऊस मात्र कुठल्याच डावात बसत नाही.

भिंतीचा मोह

प्रत्येक पुरानंतर कुणीतरी म्हणतं, काठाने भिंत बांधा. दिसायला सोपा उपाय, आणि कंत्राटदाराला आवडणारा. बिहारने तो करून पाहिला आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे १६० किलोमीटर तटबंध होते आणि पूरप्रवण क्षेत्र होतं २५ लाख हेक्टर. पुढच्या चार दशकांत तटबंध ३,४०० किलोमीटरच्या वर गेले, आणि पूरप्रवण क्षेत्र ६८ लाख हेक्टरांवर पोचलं. दिनेश कुमार मिश्र या अभियंत्याने आयुष्यभर हा हिशेब लोकांपुढे मांडला. भिंतीने नदीचा गाळ रानात पसरायचा थांबतो, पात्रातच साचतो, पात्र वर उचललं जातं. भिंतीबाहेर पडलेल्या पावसाला नदीत जायला वाट उरत नाही. आणि भिंत फुटते तेव्हा पूर सावकाश येत नाही. २००८ च्या ऑगस्टमध्ये नेपाळातल्या कुसहाजवळ कोसीचा तटबंध फुटला आणि ज्या गावांनी कित्येक वर्षं पूर पाहिला नव्हता, त्यांच्या अंगावर नदी धावून गेली.

सांगलीत कृष्णा नागमोडी वाहते, उतार मंद. हरिपूरला वारणा येऊन मिळते, खाली वाडीला पंचगंगा. तिन्ही एकाच वेळी भरून आल्या की खालचं पाणी वरच्याला पुढे सरकू देत नाही. अशा ठिकाणी एका शहराला भिंत घातली तर पाणी समोरच्या गावात चढणार. आपली सुटका आणि शेजाऱ्याचं मरण यांतलं अंतर एका भिंतीएवढं.

दोन घरं

मग राहायचं कसं? १९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना वर, सोनतळीला, जागा दिल्या गेल्या. काहींनी घरं बांधली, काहींची कागदपत्रं रखडली, आणि बरेच जण खालीच राहिले. २०१९ ला चिखली बुडाली तेव्हा शहरातून विचारणा झाली, यांना जागा दिल्या होत्या तर हे गेले का नाहीत? विचारणाऱ्यांना म्हैस पाळायची नव्हती. शेत खाली, गोठा खाली, वैरण खाली, नदीचं पाणी खाली. पहाटे चारला धारा काढणारा माणूस रोज सोनतळीहून येऊ शकत नाही.

माझ्या मते इथे चूक पुनर्वसनाच्या कल्पनेतच आहे. आपण माणसाला एका घरातून उचलून दुसऱ्यात ठेवायला बघतो. पूरकाठच्या माणसाला दोन्ही लागतात: खाली कामाचं, वर पुराचं. वरचं घर लहान चालेल, पण त्याच्या नावाचा उतारा हवा, शेजारी जनावरांची सामायिक शेड हवी, पाण्याची टाकी हवी. उत्सवमूर्ती कुठे जाणार हे वाडीत पाऊस सुरू व्हायच्या आधी ठरलेलं असतं. सुतारवाड्यातल्या आणि चिखलीतल्या माणसाचंही तसंच ठरलेलं असावं, आणि ते मठाच्या किंवा नातलगाच्या उपकारावर नसावं.

बाकीच्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण पूर त्यांवरच निभतो. विजेचे मीटर आणि रोहित्रं पुराच्या रेघेच्या वर चढवणं. कोल्हापूरला २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा बालिंगा, शिंगणापूरची उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडे पाणी असताना शहर टँकरमागे धावलं. तेव्हा आधी पंप वर न्यायला हवेत. नदीकाठच्या नव्या इमारतीला तळमजल्यावर फक्त खांब आणि वाहनतळ. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे पावसाच्या आधी काढणं, त्यांत अडकलेली झाडं उपसणं. गावची होडी मे महिन्यात दुरुस्त करून तिच्यावर किती माणसं बसायची तो आकडा रंगवणं, आणि तेवढीच बसतील हे बघायला खमका माणूस नेमणं. शाळेतल्या प्रत्येक पोराला पोहता येणं.

शेतीचंही बोलायला हवं. मळीच्या रानात आता बांधापासून पात्रापर्यंत ऊस. ऊस पाण्यात उभा राहतो म्हणून लोक लावतात, पण पोंगा बुडाला आणि पाणी आठवडाभर थांबलं की तो कुजतो. वाचला तर पांगशा फुटतात, वजन जातं. शिवाय हल्लीचा गाळ पूर्वीचा नाही. त्याच्यासोबत शहराचं सांडपाणी, प्लॅस्टिक, बाटल्या येतात. नदीला खत आणायची सवय होती. आपण तिच्या हाती उकिरडा दिला.

उतरता दक्षिणद्वार

वाडीच्या रीतीत मला सगळ्यांत शहाणी वाटते ती उतरत्या दक्षिणद्वाराची सोय. पाणी ओसरतानाही तितकीच गर्दी, तितकंच महत्त्व. आपल्या सार्वजनिक जीवनात फक्त चढता सोहळा होतो. पाणी चढतं तेव्हा नेते होड्यांत बसतात, वाहिन्यांची वाहनं पुलावर उभी राहतात, बिस्किटांचे ट्रक येतात. पाणी उतरलं की पंचनामे, चिखलाची दुर्गंधी आणि शांतता. पूररेषा भिंतींवर रंगवायची, भरावाला मोऱ्या पाडायच्या, वरच्या जागांचे उतारे द्यायचे, ही कामं उतरत्या पाण्याची आहेत. भिंतीवरचा चिखल ओला असेतोवर ती मार्गी लागली तर लागतात.

गेल्या दिवाळीआधी मामीकडे गेलो होतो. मधल्या खोलीच्या भिंतीवर दोन तांबूस रेघा आहेत, खालची पाचची, वरची एकोणिसची. रंगारी पोरगा ब्रश घेऊन थबकला.

“मावशी, ह्या रेघा ठिवू का पुसू?”

“पूस की,” मामी म्हणाली. “आता त्यांचं काय काम?” आणि बोटाने वर दाखवलं. वरच्या रेघेहून हातभर उंचावर नवा सिमेंटचा माळा होता. त्यावर पिठाचे डबे, शेगडी, पोत्यात बांधलेली कागदपत्रं. मीटरची पेटी त्याहीपेक्षा वर, आणि तिच्याखाली खिळ्याला लटकवलेली एक किल्ली: गावच्या माळावर तिने आणि जावेने मिळून बांधलेल्या पत्र्याच्या खोलीची.

पोराने रेघा पुसल्या. मी मात्र जाताना त्या किल्लीकडे पुन्हा एकदा बघून घेतलं.